आईची नाव आणि बाबांची भाकर

आमच्या बाबांसोबत प्रवासाला निघायचं म्हणजे अर्ध्यातून परतायची तयारी ठेवायची. तिरुपतीहून ते दुसऱ्याच दिवशी परतले, नाशिकहून तर पोचले त्याच संध्याकाळी. कारण एकच, ज्वारीची भाकर मिळाली नाही! आणि दरवेळी आईही मुकाट्यानं पिशवी उचलून मागे. म्हणून टीव्हीवर केरळमधलं अलेप्पी, गावभर फिरणारे ते जुने कालवे पाहून आई म्हणाली, "मले एकदा नावेत बसाचं हाय," तेव्हा मी ठरवूनच टाकलं. या खेपेला आई नावेत बसल्याशिवाय परतायचं नाही म्हणजे नाही.

आमच्या गावाहून, तामसीहून बसनं आदिलाबाद, तिथून रेल्वेनं सिकंदराबाद, मग केरळची गाडी. आई, बाबा, मी आणि माझी लेक तन्वी. एर्नाकुलमला उतरून छोटी गाडी पकडली की थेट अलेप्पी. सोबत दशम्या, चिवडा आणि ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा. "आता पाहू कोण परत नेते मले," बाबा ऐटीत म्हणाले.

हे कालवे तिथल्या राजांच्या काळात बंदरापर्यंत माल न्यायला खोदले. काठाला जुनी गोदामं आहेत, वर लहान लहान पूल. सकाळी लवकर पायी फिरा, दुपारी घामानं जीव जातो. एका कालव्यावर जलपर्णी एवढी माजली होती की पाणीच दिसेना. बाबा म्हणाले, "दहा ढोरं सोडा, साफ करतीन!" तन्वी हसून लोटपोट.

संध्याकाळी घरगुती लॉजच्या मालकीणबाईंनी चूल दिली आणि घात झाला. भाकर थापता थापता फाटे, तव्यावर टाकली की तुकडे. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पण गिरणीत गर्दी होईल म्हणून बाबांनी आठवडाभर आधीच दळून आणलेलं!

"उद्याची गाडी पाय," बाबा मला म्हणाले. आई तव्यावरचे तुकडे गोळा करू लागली. मला रडूच आलं.

सकाळी बाबा पिशव्या भरून तयार. एर्नाकुलमची बस जिथून सुटते त्या स्टँडच्या वाटेवरच सरकारी नावेचा धक्का होता. हाऊसबोटीच्या फंदात पडू नका, या नावेचं तिकीट बसच्या तिकिटापेक्षा महाग नाही. नाव लागली आणि आईनं आपली पिशवी बाबांच्या हातात दिली.

"अजी, तुमी बसा इथं. मी जाऊन येतो."

तन्वीचा हात धरून ती चढलीसुद्धा! मी मागोमाग. आई खिडकीशी बसली, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून. घंटी वाजली.

"थांबव रे! अवं, मी येऊन राह्यलो ना!" दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाबा धावत आले. मराठी कुणाला कळत नव्हती, पण सगळ्या नावेनं हात पुढे केले.

शहर मागे पडलं आणि बाबा उठून उभेच राहिले. बांधापलीकडे धानाची वावरं होती, पाण्याच्या पातळीच्याही खाली. "अवं पाय! पाणी वर अन् वावर खाली! हे लोकं झोपतेत कसे?" आमच्याकडे सगळी शेती पावसाच्या भरवशावर. आई मात्र बाक सोडून, बाहेर हात काढून पाणी उडवत होती. एवढी मोकळी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

उतरलो तिथं एका खानावळीत जाड लालसर भात आणि मासे मिळाले. बाबांनी घास घेतला, चावला, थांबले. "दाताले लागते हा. ज्वारीवानी." दुसऱ्यांदा वाढून घेतला. परतीची गाडी ठरल्या दिवशीचीच धरली, एक दिवसही आधी नाही!

तामसीत आता बाबा पारावर नावेच्या गोष्टी सांगतात, जणू नाव त्यांनीच चालवली. आईनं प्रवासाची पिशवी धुतली, वाळवली. एरवी पिशवी माळ्यावर जाते. यंदा तिनं दारामागच्या खुंटीला अडकवली.

"काऊन वं, वर नाही ठेवत?" बाबांनी विचारलं.

"लागते," आई म्हणाली, आणि भाकर थापायला बसली.