कीबोर्डला हात लावू नये

सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवताना मशीन माणसाला किती प्रश्न विचारतं, ते मी एकदा वहीत मोजून ठेवलं होतं. सेहेचाळीस. भाषा कोणती, घड्याळ कुठल्या देशाचं, कोणत्या डिस्कवर लिहू, मशीनचं नाव काय, खात्री आहे का. सगळं आटपायला तीन तास वीस मिनिटं लागायची, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मशीन काहीच करत नसायचं. ते आपल्या उत्तराची वाट बघत असायचं, आणि आपण नेमके चहाला गेलेलो असायचो.

मी ज्या शिक्षणसंस्थेत नोकरी करतो, तिची अकरा सराव परीक्षा केंद्रं होती. दोन लातूर शहरात, तीन नांदेडात, सहा तालुक्याच्या गावी. इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक केंद्रात एक सर्व्हर. मुलं त्याच खोलीतल्या संगणकांवर बसतात आणि पेपर त्या सर्व्हरवरून येतो. नवीन सॉफ्टवेअर आलं की मी पिशवीत पेनड्राइव्ह आणि डबा घेऊन एसटीनं निघायचो. दिवसाला एक केंद्र. अकरा केंद्रांना कामाचे अकरा दिवस.

त्या वर्षी संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "सगळी केंद्रं आठ दिवसांत पाहिजेत. परीक्षेची तारीख अलीकडे आणलीय."

"एकट्याला अकरा लागतात, सर."

"मला माहीत आहे. म्हणून पुण्याच्या एका कंपनीशी बोललोय. त्यांची चार पोरं येतील. मग हे काम कायमचं त्यांच्याकडेच राहील. तुमची सोय देगलूरच्या ग्रंथालयात करतो. तिथं जागा रिकामी आहे."

देगलूर वाईट नाही. पण बायको लातूरच्या शाळेत शिकवते, आईचा डॉक्टर लातुरात, आणि ते काम मी बावन्नाव्या वर्षापर्यंत, कोणी न शिकवता, स्वतः शिकलेलो. पुस्तकांवर शिक्के मारायला मला कमीपणा वाटला नसता. माझं काम माझ्या हातून काढून घेतलं जातंय, हे मात्र मला सहन होईना. मी म्हटलं, "आठ दिवसांत मी करतो. नाही झालं तर नवव्या दिवशी देगलूरला हजर होतो."

ते म्हणाले, "कागदावर लिहून द्या." मी दिलं.

घरी येताना हिशेब केला. मी एकटा आठ दिवसांत अकरा ठिकाणी पोचू शकत नव्हतो. म्हणजे मी पोचायचंच नाही. मशीन जे सेहेचाळीस प्रश्न विचारतं, त्यांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची. ती फाइल आणि पुढची सगळी कामं करणारी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, पेनड्राइव्हवर टाकायची. केंद्रातल्या माणसानं पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करायचं, बस. हे जगात बरेच लोक करतात, मी वाचलेलं होतं. केलेलं मात्र नव्हतं.

संस्थेनं मोडीत काढलेली दोन मशीनं मी परवानगीचा कागद घेऊन घरी आणली आणि हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला मांडली. रोज पहाटे पाच ते नऊ. पहिल्या सकाळी सहा प्रयत्न, सहाही फसले. एकदा फाइलीतली एक ओळ दोन मोकळ्या जागांनी उजवीकडे सरकली होती, तेवढ्यावरून मशीननं सगळी फाइल नाकारली. एकदा सगळं झालं, पण स्क्रिप्टनं चुकीच्या डिस्कवर लिहिलं. ती डिस्क केंद्रात असती तर मुलांचे जुने निकाल गेले असते. त्यानंतर मी डिस्क आकारावरून निवडायची अट घातली, आणि आकार जुळला नाही तर काही न करता थांबायचं, असंही लिहिलं.

बायको डब्यासाठी पोळ्या लाटता लाटता बघायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हणजे एकदा सांगितलं की पुन्हा विचारायचं नाही, आपलं आपण करायचं?"

"हो."

"असं माणसाचं निघालंय का काही? मला एक पाहिजे."

मी नियम केला होता की लागोपाठ चार वेळा बिनचूक झाल्याशिवाय पेनड्राइव्ह बाहेर पाठवायचा नाही. एकोणीस प्रयत्न फसले. विसावा, एकविसावा, बाविसावा आणि तेविसावा जमला. दर वेळी एक्केचाळीस मिनिटं. त्यात तीनच दिवस संपले होते. चौथ्या दिवशी मी अकरा पेनड्राइव्ह तयार केले, प्रत्येकावर केंद्राच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, सोबत नऊ ओळींचं सूचनापत्र छापलं आणि बाहेरगावची पाकिटं एसटीच्या पार्सलनं धाडली.

सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला सगळीकडे एकदमच सुरू करायचं ठरलं. काम पूर्ण झालं की सर्व्हर स्वतःहून मला एक निरोप पाठवणार होता, तेवढ्यापुरतं इंटरनेट सगळीकडे होतं. लातूरच्या एका केंद्रात मी स्वतः बसलो, हात मांडीवर ठेवून. पडद्यावर ओळी आपोआप सरकत होत्या. मला कीबोर्ड ओढून घ्यावासा वाटत होता, खोटं कशाला सांगू. सव्वादहापर्यंत चार निरोप आले. पावणेअकरापर्यंत दहा. एक राहिला, मुखेडचा.

मुखेडच्या केंद्राची किल्ली एका सेविकाबाईंकडे असते. वयानं माझ्याएवढ्याच, पण सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. अकरापर्यंत वाट बघून मी फोन लावला.

"मावशी, मशीन कुठपर्यंत आलंय?"

"झालं की सर. कव्हाच झालं."

"झालं? मग मला निरोप का नाही आला?"

"ते मला काय म्हाईत. हिथं तं सगळं व्यवस्थित हाय. मी जागची हालले न्हाई."

मी त्यांना कीबोर्डवर चार इंग्रजी अक्षरं एकेक करून दाबायला लावली. त्यानं मशीन तारीख आणि वेळ दाखवतं. त्यांनी वाचून दाखवलं, तारीख बरोबर, वेळ पाच चाळीस. माझ्या मनगटावर अकरा दहा झाले होते. फरक साडेपाच तासांचा. पंधरा मिनिटांचा असता तर मी घड्याळ बिघडलं म्हटलं असतं. पण बरोबर साडेपाच तास म्हणजे मशीननं भारताची वेळ घेतलीच नव्हती, आणि भारताची वेळ माझ्या फाइलीत चौथ्या ओळीला होती. म्हणजे मशीननं माझी फाइल वाचलेली नव्हती. कोणीतरी हातानं उत्तरं दिली होती.

"मावशी, तुम्ही काही दाबलं का?"

"हाव. एंटर."

"किती वेळा?"

"लई येळा. ते इचारून राहिलं व्हतं, मी एंटर दाबून राहिले."

"आणि नाव, पासवर्ड विचारला असेल, तिथं?"

"ते भिंतीवर लिव्हलंय न्हवं, प्रयोगशाळेचं, ते घातलं."

झालं असं होतं. मशीन सुरू होताना पडद्यावर दहापासून उलटी मोजणी चालते. कोणी कशाला हात लावला नाही तर शून्यावर माझी फाइल उचलली जाते. एखादी कळ दाबली तर मोजणी थांबते आणि मशीन समजतं की समोर माणूस बसलाय, आता यालाच विचारत जावं. मावशींनी सातावर एंटर दाबलं होतं.

मी जरा चिडूनच बोललो. "मी लिहिलं होतं ना, आपोआप होईल म्हणून? तुम्हाला कोणी सांगितलं मधे पडायला?"

पलीकडे कागद सळसळला. मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच सर. कागद माझ्या हातात हाय. सातवी ओळ. शेवटपर्यंत लक्ष ठेवावे."

ती ओळ मीच लिहिली होती. आमच्या संस्थेत परीक्षेचं मशीन चालू असताना सेवकानं खोली सोडायची नाही, असा जुना दंडक आहे. प्रत्येक सूचनापत्रात ते वाक्य असतंच, म्हणून मी विचार न करता घातलं होतं. बाकी दहा ठिकाणच्या सेवकांनी लक्ष ठेवलं म्हणजे काय केलं, ते मी नंतर विचारलं. बहुतेक जण वर्तमानपत्र वाचत होते. मावशींनी खरोखर लक्ष ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मावशी, चूक माझी. ती ओळ खोडा. आपल्याला पुन्हा करायचंय. मशीन बंद करा, चालू करा, आणि लगेच खोलीला कुलूप लावून बाहेर जा."

"आन् त्यानं काही इचारलं म्हंजी?"

"नाही विचारणार."

"मघाशी तं इचारत व्हतं."

"तुम्ही समोर होता म्हणून विचारत होतं."

"चुलीवर दूध ठिवून कोन गावाला जातंय का सर?"

"हे दूध उतू जात नाही. आणि गेलं तर देगलूरला मी जाणार, तुम्ही नाही."

त्यांना देगलूरचं काही ठाऊक नव्हतं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं हाय व्हय. मंग जाते बाजारात. आज बाजारच हाय. भाजी घिऊन येते, तवर तुमचं मशीन काय करायचं ते करू दे." मग कुलूप लागल्याचा आवाज त्यांनी मला फोनवरच ऐकवला.

अकरा छत्तीसला सुरू झालं होतं. बारा सतरापर्यंत मी लातूरच्या त्या खोलीत बसून राहिलो. मुखेडला निघालो असतो तर तिथं पोचेपर्यंत दुपार उलटली असती, आणि पोचून मीसुद्धा एंटरच दाबला असता. बारा सतरा झाले, निरोप नाही. बारा वीस, नाही. स्क्रिप्टमधल्या ओळी मी मनातल्या मनात वरून खाली वाचत होतो. बारा चोवीसला निरोप आला. सात मिनिटं उशीर का झाला, ते मी नंतर शोधून काढलं. तिथली डिस्क जुनी होती आणि सावकाश लिहीत होती. घड्याळ बरोबर होतं.

सातव्या दिवशी मी प्रत्येक केंद्रातून वीस मुलांचा खोटा पेपर चालवून बघितला. आठव्या दिवशी सकाळी सचिवांच्या टेबलावर अकरा निरोपांची छापील पानं ठेवली, वर तीनशे अठरा ओळींची स्क्रिप्ट आणि नवं सूचनापत्र.

त्यांनी पानं चाळली. म्हणाले, "म्हणजे आता हे तुमच्याशिवाय होतं."

मी या प्रश्नाचा विचार केला नव्हता. आठ दिवसांत एकदाही नाही. पण उत्तर खरं तेच दिलं. "चढवणं माझ्याशिवाय होतं, सर. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बदलेल, तेव्हा यातल्या किती ओळी बदलाव्या लागतील ते आज मला सांगता येत नाही. पण कोणती ओळ कशासाठी आहे, ते कोणत्याही ओळीवर बोट ठेवून विचारा."

त्यांनी खरंच बोट ठेवलं. तीन ठिकाणी. तिसऱ्या वेळी बोट सूचनापत्रावर होतं, जिथं सातव्या ओळीच्या जागी आता मी छापलं होतं की मशीन चालू करून खोलीला कुलूप लावावे, कीबोर्डला हात लावू नये. "आणि हे काय?" मी मुखेडची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. दिलेल्या सूचनेप्रमाणेच बाईंनी काम केलं, असं म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

मग त्यांनी मी लिहून दिलेला कागद काढून मला परत दिला. "पुण्याला फोन करून नको म्हणतो. नायगावला बारावं केंद्र सुरू होतंय. पुढच्या आठवड्यात मशीन येईल."

"खोलीत इन्व्हर्टर बसवलाय का?" मी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन नायगावला फोन लावला.