फोटोवरच्या हाराला शून्य गुण

आरमोरीत लग्नाचं शूटिंग म्हटलं की केवळरामभाऊ निकुरे. वीस वर्षांत त्यांचं कुणाशी भांडण झालं नाही, ते एका सवयीमुळे. कॅसेट तयार झाली की आधी नवरीच्या आईला एकटीला दाखवायची. ती म्हणेल ते कापायचं.

म्हणून २००६ साली गणेश मंडळानं आमच्या भागातल्या झाडीपट्टी नाटकांच्या चाहत्यांसाठी, आवडत्या नटावर व्हिडिओ करायची स्पर्धा ठेवली, तेव्हा कोणता व्हिडिओ 'सर्वांसाठी' आणि कोणता 'मोठ्यांसाठी', हे ठरवायचं काम भाऊंकडे आलं. 'मोठ्यांसाठी'चे व्हिडिओ मंडपातल्या पडद्यावर लागणार नव्हते, आणि पडद्यासाठीच तर पोरं धडपडत होती. भाऊंची रंजीताही त्यात होती. आपण मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढीच भाऊंना काळजी.

मी नुकताच कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. त्यांना तक्ता करून दिला. प्रत्येक वेळच्या रक्ताला तीन गुण, शिवीला दोन, अचकटविचकट नाचाला दोन. पाचच्या वर गेलं की 'मोठ्यांसाठी'. तक्ता आधीच मंडपात लावला.

स्पर्धेतल्या अमर नावाच्या पोराच्या व्हिडिओत खलनायकाला दोनदा भोसकलेलं. सहा गुण. रंजीतानं आवडत्या नटाच्या फोटोला लग्नाच्या सॉफ्टवेअरमधला झेंडूचा हार घातला होता. शून्य.

सही करण्याआधी भाऊंनी सवयीनं दोन्ही व्हिडिओ शेजारच्या ठमाबाईला दाखवले. ती मासळी विकायची. भोसकाभोसकी तिनं नातीला मांडीवर घेऊन पाहिली आणि रक्ताचा रंग फिका झाला म्हणाली. हार दिसताच मात्र तिनं नातीचे डोळे झाकले.

"जित्या माणसाच्या फोटोले हार घालतेत का, भाऊ? लेकरू विचारन, हा कधी मेला, तर काय सांगाचं?"

तक्त्यात हाराचा रकाना नव्हता. आता घालू का, असं मी विचारलं. स्पर्धा सुरू झाल्यावर नियम बदलणं बरं नाही, भाऊ म्हणाले. मग तक्ता पाळला तर मुलगी पडद्यावर आणि अमर बाहेर. ठमाबाईचं ऐकलं तर उलटं.

"लग्नात बरं होतं," भाऊ म्हणाले, "नवरीची माय एकच राह्यते. इथी साऱ्या गावाची माय कोन, तेच समजून नाई राह्यलं."

रंजीताला विचारलं, तर ती रडकुंडीला आली. "मले त्याले नवरदेवासारखा दाखवाचा होता, बाबा."

शेवटी भाऊंनी दोन्ही व्हिडिओ लावले. लावण्याआधी माइकवरून काय दिसणार ते सांगितलं. एकात खोटं रक्त आहे. दुसऱ्यात जिवंत माणसाच्या फोटोला हार आहे, माणूस खुशाल आहे, ज्यांना नको त्यांनी लेकरं बाहेर न्यावी. रक्ताला कुणी उठलं नाही. हाराला तीन बाया लेकरं घेऊन उठल्या, आणि बाहेरचे दहा जण काय आहे ते पाहायला आत आले.

अमर म्हणाला, बापानं पोरीची जाहिरात केली. रंजीता म्हणाली, बापानं भर मंडपात लाज काढली. भाऊ माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी हळूच विचारलं, मी नेमका कोणाच्या बाजूनं झालो?