पाटीमागचा सूर्य शोधायला बोथला

बाबांना घेऊन आदिलाबाद जिल्ह्यात जायचं ठरवलं तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "दहा सेकंदांसाठी?" त्याचं काही चुकत नव्हतं.

माझे बाबा एका सरकारी शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्रात चित्रकार होते. तिथून आंध्र प्रदेशातल्या खेड्यांतल्या शाळांसाठी पाठ दाखवायचे, त्याआधी पडद्यावर दहा सेकंद एक बोधचिन्ह यायचं. पहिलंवहिलं चिन्ह बाबांनी काढलं. काळ्या कार्डावर पांढरी पाटी आणि तिच्यामागून वर येणारा सूर्य. पुढे रंग आले आणि पाटीचं पुस्तक झालं. मग संगणक आला आणि सोनेरी पृथ्वी गरगरायला लागली. "बँकेची जाहिरात वाटते," असं बाबा म्हणतात.

केंद्रानं स्मरणिका काढली, त्यात चिन्हांचा इतिहास थेट पुस्तकापासून सुरू झाला. बाबा विचारायला गेले, तर एका तरुण अधिकाऱ्यानं तोंडावर सांगितलं, "पाटी-बिटी काही नव्हतं, काका. रेकॉर्डला नाही." नसणारच! जुन्या टेपा पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतलेले. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

मी इथे ब्लॉगवर त्याबद्दल लिहिलं आणि बोथजवळच्या एका गावातून फोन आला. निवृत्त मुख्याध्यापक वानखेडे सर. "सगळे पाठ टेप करून ठेवले हायेत मी. पयल्यापासून. या तुमी."

निघालो.

पहिला दिवस. नागपूरहून सकाळची बस धरा आणि डावीकडे बसू नका, पोळून निघाल. पांढरकवड्यापुढचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना मधूनमधून डांबर लावलंय. बाबा दर थांब्यावर चहा पिणार आणि दर चहाला नावं ठेवणार. पैनगंगा ओलांडली की आंध्र प्रदेश सुरू, पाट्या तेलुगू होतात. बोलणं मात्र मराठीच राहतं. आदिलाबादच्या स्टँडजवळ लॉज मिळाला. खोली बरी, पण पंख्याला एकच वेग, वादळाचा. शेजारच्या खाणावळीतली ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मात्र चुकवू नका.

दुसरा दिवस. बंद! वेगळ्या राज्यासाठी. एकही बस नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, उद्या तरी सुटतील का? तो म्हणाला, "आज काऊन निघाले तुमी?" जणू आम्हीच बंद पुकारला होता. शेवटी एका जीपवाल्यानं गुडीहत्नूरपर्यंत सोडलं. तिथे टायर जळत होते, म्हणून दोन तास एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. पुढे सरकीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो मिळाला. शहात्तर वर्षांचे बाबा ड्रायव्हरशेजारी, मी पोत्यांवर. जाणाऱ्यांनो, आधी वर्तमानपत्र वाचा, मग बॅग भरा.

सरांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. करंट नव्हता. सर पांढऱ्या शर्टात दारातच उभे होते. त्यांची मुलगी वनिता तिथल्याच शाळेत शिकवते. तिनं पाणी दिलं. सरांनी पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडलं.

आत कॅसेटी होत्या. गाण्यांच्या असतात तसल्या!

"सर, यात चित्र कुठाय?" माझा आवाज चढलाच.

"चित्र कशाले पायजे?" सर गोंधळले. "पाठ तेलुगूत येत, आमची लेकरं मराठी. मी टीवीसमोर टेपरेकॉर्डर ठेवो, घरी आयको, अन् दुसऱ्या दिवशी मराठीतून सांगो. टेप करून ठेवले म्हनलं ना मी तुमाले!"

म्हणाले होते. मीच विचारलं नव्हतं. माझ्या अंगात सरकीची कुसं, बाबांची कंबर गेलेली, आणि हाती काय तर आवाज. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

"लावा," बाबा म्हणाले.

सरांनी टेपरेकॉर्डरमध्ये सेल टाकले आणि कॅसेट लावली. खरखर झाली, मग जलतरंगाचे सूर वर वर चढत गेले. बाबा ताठ झाले. "आता सूर्य वर येतोय," ते पुटपुटले. पण आमच्यासमोर होती मातीची भिंत.

स्वयंपाकघरातून वनिता बाहेर आली. "अगोबाई, हे तर आमच्या पाटीचं!" ती म्हणाली. "काका, आमी सारे जमिनीवर बसून राहो. हे वाजलं का गुपचूप."

बाबा तिच्याकडे वळले. "पाटी आठवते तुला?"

"आठवते म्हंजे? रोज पाहो!" तिनं कोनाड्यातला खडू घेतला आणि शहाबादी फरशीवर काढायला बसली. पाटीची चौकट, लाकडाचे कोपरे, मागे अर्धा सूर्य. एक, दोन, तीन, चार, पाच किरण. खडू ठेवला.

"सात," बाबा म्हणाले.

"पाच होते, काका."

"मी काढलंय ते! सात होते. कडेला दोन, आडवे."

"तुमी काढले असतील. आमी पाचच पाहिले. मी वहीवर शंभरदा काढलं हाये."

मी मध्ये पडणार तेवढ्यात बाबा फरशीवर उकिडवे बसले. कडेच्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, "टीव्हीच्या चौकटीत कडा कापल्या जातात. केंद्रातल्या साहेबांनी सांगितलं होतं, किरण आत घे. मी ऐकलं नाही."

सर हळूच म्हणाले, "पाचात बी उजेड पडला ना, साहेब. आमी त्यावरच शिकवलं."

तिसरा दिवस. बस सुरू झाल्या. वनितानं लाल मिरची बांधून दिली आणि एका कागदावर लिहून दिलं की तिच्या शाळेत हे चिन्ह रोज दिसत असे. खाली सरांचीही सही. सरकारी रेकॉर्डसमोर याला किती किंमत, मला माहीत नाही. परतीच्या प्रवासात बाबांनी एकाही चहाला नाव ठेवलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

घरी येऊन आठवडा झाला. माझी पाठ अजून दुखतेय. तीन दिवस गेले आणि चिन्हाचं चित्रण मिळालं नाही ते नाहीच. या लेखासाठी चित्र द्या म्हटलं, तर बाबांनी जेवणाच्या टेबलावरच पेन्सिलीनं काढून दिलं. वर लावलंय तेच.

"बाबा, पाचच काढलेत. दोन राहिले."

"ते कुणापर्यंत पोचलेच नाहीत," ते म्हणाले, आणि चित्राखाली त्या मुलीचं नाव लिहायला सांगितलं.