मेलेल्या मुंगीचा वास

...तर ती मुंगी पाय झाडत होती, इथपर्यंत काल आलो होतो. पाय झाडत होती म्हणजे धडधडीत जिवंत होती, आणि तरी दुसरीनं तिला जबड्यात धरून मसणाकडं चालवली होती. काल तुमच्यातले दोघं-तिघं हसले. हसा. मीही तेव्हा हसलो होतो. जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. तानबाचं नाव निघालं की मला कुठं घाई असते!

तानबा आमच्या गावचा. केळझरच्या अलीकडं आमचं गाव, सेलूच्या बाजारात भाजी नेणारी पाच-सहा घरं, त्यातलं एक त्याचं. वांगी, मिरची, थोडा वाल. मराठी शाळेत आम्ही एका पाटावर बसलो. गुरुजी फळ्यावर बेरीज घालत आणि हा खाली भिंतीच्या फटीत मुंग्या पाही. चौथीत नापास झाला आणि वाफ्यात उतरला. मी सातवी झालो. तरी मुंग्यांचं मला जे काही ठाऊक आहे ते सगळं त्या चौथी नापासाकडून.

दुपारी पाणी बंद केलं की तो बांधावरच्या कडुलिंबाखाली उकिडवा बसायचा. तिथं काळ्या मुंग्यांचं मोठं बीळ होतं, तोंडाशी कोंड्याची गोल रांगोळी. तो मला दाखवायचा की बाहेर दिसतात त्या सगळ्या बायाच. दाणे आणणाऱ्या बाया, अळ्या सांभाळणाऱ्या बाया, आणि बिळाच्या तोंडाशी मोठाल्या डोक्याच्या उभ्या असतात, ज्वारीचा दाणा कचकन फोडतात, वेळ पडली तर पाहुण्याची तंगडीही, त्याही बायाच. नर वर्षातून एकदा पंख लावून निघतात, राणीशी गाठ पडली की संपतात. राणी मग आपले पंख आपल्याच पायांनी मोडते, जमिनीत शिरते आणि पुन्हा उजेड पाहत नाही. एकदा बांधाची मेर खणताना ती त्याला सापडली होती. गव्हाच्या दाण्याएवढी, आणि बाया तिला चारी बाजूंनी झाकून उभ्या. त्यानं माती परत लोटली आणि वांग्याचा वाफा दीड हात सरकवला.

हे ऐकून त्याची बायको पंचफुला म्हणाली होती, "गड्याचं काम एका दिवसाचं, बाकी समदं बायायनं कराचं. हे पाहाले उन्हात काऊन बसाव लागते? घरीच पाहून घ्या ना!"

आता मसणाचं. बिळापासून हातभर अंतरावर मुंग्या आपले मुडदे टाकतात. सुकलेल्या मुंग्यांचा काळा ढीग असतो तिथं. तानबानं पाहिलं होतं, की मुंगी मेली की लगेच कोणी उचलत नाही. दोन दिवस ती वाटेतच पडलेली असते. येणारी येते, मिशीनं मिशीला शिवते, जणू जितीच आहे अशी बोलून पुढं जाते. दोन दिवसांनी तिच्या अंगाला वास येतो. मग मात्र जी पहिली येईल ती तिला उचलते आणि ढिगावर नेऊन टाकते. डोळ्यांनी नाही, वासानं ठरतं कोण मेलं ते.

आणि तानबाचं डोकं पाहा! त्यानं ढिगावरच्या चार मुंग्या काडीनं चिरडल्या आणि तीच काडी एका जित्या मुंगीच्या पाठीवर फिरवली. आली एक, हुंगलं, आणि उचलली. ही पाय झाडते, ती ऐकत नाही. नेऊन टाकली ढिगावर. ही उठून परत बिळाशी आली. दुसरीनं उचलली. पुन्हा ढीग. तिसऱ्यांदा नेताना तिनं पाय झाडणं सोडलं. सहाही पाय पोटाशी घेतले आणि गप नेऊ दिलं.

मी हसत होतो तो तिथं थांबलो. 

"मंग, आता मरन का हे?" मी विचारलं.

"थांब ना बे," तानबा म्हणाला. "पाह्य, आंग चाटून राह्यली. वास गेला का घरात घेतीन."

आणि घेतलंच. पण दिवस मावळायला आला होता तोवर.

हे झालं अठ्ठ्याहत्तर साली. पुढच्या वर्षी भादव्यात तानबा कारंज्याला बहिणीकडं गेला. घाडग्याचं कारंजा, नागपूर-अमरावती सडकेवरचं. तिथून परत येताना एका ट्रकमध्ये मागं बसला. नाल्याच्या ठेंगण्या पुलावरून पाणी चाललं होतं. ड्रायव्हरनं गाडी घातली आणि धाब्यावरच्या वीस माणसांच्या डोळ्यांदेखत ट्रक वाहून गेला. ड्रायव्हर सापडला, क्लिनर सापडला. तानबाचा फक्त खांद्यावरचा दुपट्टा सापडला, बाभळीला अडकलेला.

महिनाभर शोधलं. मग त्याचा धाकटा भाऊ रूपराव आणि गावातले जाणते अण्णाजी यांनी ठरवलं की आता उरकावं. देह नसला की काय करतात ते अण्णाजींना माहीत होतं. तीनशे साठ पळसाची पानं मोजून पुतळा बांधला, त्यावर तो दुपट्टा पांघरला, आणि नाल्याकाठी मसणात रूपरावनं अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवलं तर कावळा असा झपकन आला की अण्णाजी म्हणाले, "काई इच्छा नाई राह्यली त्याची." पंचफुलेच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं. आम्ही तेरवीला जेवलो. मी तीन पुऱ्या जास्त खाल्ल्या, मला आठवतात.

आणि मार्गशीर्षात, भर दुपारी, तूर फुलावर असताना, काठी टेकत तानबा गावात आला.

खूप खाली वाहत गेला होता तो. एका ढिवराच्या जाळ्याशी अडकला. पाय मोडलेला. ढिवरानं बांबूच्या कामट्या बांधून झोपडीत ठेवला तीन महिने. शेळ्या विकणाऱ्या एकाजवळ त्यानं निरोप दिला होता, तो काही गावापर्यंत आला नाही. हे सगळं नंतर कळलं. त्या दुपारी कोणी विचारलंच नाही.

सांगतो ते खरं सांगतो. कोणी ओरडलं नाही, कोणी दगड उचलला नाही. तो रस्त्यानं "काय गा, काय बाई" करत आला आणि ओट्यावरची माणसं त्याच्या बाजूला पाहत राहिली, त्याच्याकडं नाही. बाया आत गेल्या. त्याचं स्वतःचं कुत्रं जवळ आलं, हुंगलं आणि बसलं. रूपरावनं दाराची कडी आतून लावली.

अण्णाजी आले. हात जोडून म्हणाले, "बाप्पा, तुह्या पिंडाले कावळा शिवला. आमी समद्यायनं पायलं. शास्त्र्याले इचारतो, तवरिक उंबरा नको ओलांडू."

"अण्णाजी, मी तानबा हाओ ना!"

"असशीन बाप्पा. नाई कोन म्हनते?"

मसणाजवळ टिनाचं शेड होतं, पावसात सरण भिजू नये म्हणून. तिथं त्याची व्यवस्था ठरली. चौघांनी त्याच्या दोन्ही दंडांना धरलं, अगदी हळू, आजाऱ्याला नेतात तसं. त्या चौघांत एक मी होतो.

जेवण आम्ही दहा पावलांवर ठेवायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला, दारापाशी उभा राहिला. चौघं गेलो, नेऊन सोडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तिसऱ्या दिवशी, वेशीजवळ, तो एकदम हलका लागला. पाहिलं तर त्यानं मोडका पाय आणि चांगला पाय दोन्ही वर घेतले होते. गुडघे पोटाशी. सगळा भार आमच्या हातांवर, आणि तरी हलका; लटकत गप चालला होता. बाकी तिघांना वाटलं पाय दुखत असेल. मी मात्र त्या पायांकडं पुन्हा पाहिलं नाही.

शेडात टेकवल्यावर तिघं भराभर निघाले. त्यानं माझं मनगट धरलं. हात थंडगार, ओला.

"बंडू, ते मुंगी याद हाय का बे?"

"चूप राय."

"तिनं काय केलंतं?"

"आंग चाटलंतं."

"मी बी तीन दिवसापासून नाल्यावर राखेनं आंग घासून राह्यलो. कातडं निंगालं, हे पाह्य." त्यानं दंड दाखवला. "मंग समजलं, वास माह्या आंगाले नाईच. वास पंचफुलेच्या कपाळाले हाय. तुमी सकाळी उठून तिचं उघडं कपाळ पायता, अन दुपारी मले उचलता."



"तिले सांगजो. जबरदस्ती नाई म्हना. तिले बी वाटत असन का मी मेलो, त मी आल्या वाटेनं वापस जातो. मंग नाई येनार."

विधवेनं कुंकू लावायचं, भावकीच्या देखत, शास्त्र्याचं उत्तर येण्याआधी! बाईला गावानं टाकलं असतं. मी त्याच सांजेला गुरांच्या वाड्याच्या काटेरी कुपाटीआडून तिला सांगितलं. ती गोवऱ्या रचत होती. रचतच राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमीच धरून नेता ना त्यायले?"

"हाव."

"वजन हाय का हो त्यायले?"

"हाय ना," मी म्हटलं. दुपारचा तो हलका देह आठवला आणि जीभ अडखळली. ते तिनं ऐकलं असणारच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं पारावर बसून वाट पाहत होतो. तो येईल, आम्ही उठू. तो आला नाही. आधी आवाज आला, बांगड्यांचा. सगळ्या गावात दुसरा आवाज नव्हता; जातं थांबलेलं, मोट थांबलेली. पंचफुला रस्त्याच्या मधून येत होती. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात भाकरीचं फडकं. इकडं नाही, तिकडं नाही, सरळ मसणाच्या वाटेला लागली. अण्णाजी उठले आणि पुन्हा बसले.

घटकाभरानं दोघं आली. त्याचा हात तिच्या खांद्यावर. आम्ही चौघं सवयीनं उठलो, पुढं झालो, आणि हात वर होईनात. मी तिच्या कपाळाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि हा तर आपला तानबा! दार उघडून रूपराव धावत आला. त्यानं भावाच्या छातीला नुसती बोटं लावली, आणि रडू लागला. मग एकेक जण आला. कोणी दंडाला बोट लावलं, कोणी गालाला. शिवायचे आणि बाजूला व्हायचे.  सगळं गाव मिशा लावून पाहत होतं, दुसरा शब्द नाही मला.

अण्णाजींनी आपला मान राखायला, जणू नव्यानं जन्मला म्हणून, नंतर त्याचं बारसं करवलं. पंचेचाळिशीच्या माणसाचं! घुगऱ्या वाटल्या. नाव काय ठेवायचं म्हणून विचारल्यावर पंचफुला म्हणाली, "काईबी ठेवा, मी त नाव घेतच नाई." गाव पोट धरून हसलं. तीन दिवसांचा विषय त्या हसण्यात गेला, पुन्हा कोणी काढला नाही.

माझ्या मनातून मात्र तो थंड हात गेला नव्हता. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, त्याच कडुलिंबाखाली, त्याच बिळाशी आम्ही बसलो होतो. वाटेत एक मुंगी मरून पडली होती आणि बाकीच्या तिला शिवून, बोलून पुढं जात होत्या. तो ते टक लावून पाहत होता. मी एकदाचं विचारलं, "तानबा, सात वर्षं झाली. आता तर वाटते ना तुले, का आपुन सुटलो, जित्यायत आलो?"

त्यानं मेलेल्या मुंगीवर काडीची सावली धरली आणि म्हणाला, "तुमी मले घरात घेतलं, तिनं कुंकू लावलं, समदं बराबर झालं बंडू, पन हे पाह्य, हिच्याशी बी समद्या बोलूनच राह्यल्या ना, वास यायचा बाकी हाय म्हनून."