तुपाला कुलूप

आमच्या घरात तूप हे खाण्यात मोडत नाही. दूध मोडतं, दही मोडतं, ताक मोडतं. तूप मात्र देवापुढच्या दिव्यासारखं, असायचंच असतं. त्यामुळे आमची मुलगी सुकन्या हिनं बंगळूरहून फोनवर सांगितलं, "अप्पा, मी व्हीगन झाले, आता गाईम्हशीचं काही खाणार नाही," तेव्हा आम्ही घरातल्या तिघांनी अगदी प्रामाणिकपणे तिच्यापुरतं दूध बंद केलं.

तिघं म्हणजे मी, माझी बायको कमला आणि माझी थोरली बहीण अक्का. आमची मराठी तमिळच्या चालीवर चालते, तीनशे वर्षं तंजावरात राहून दुसरं काय होणार. पण घरातली शिस्त मात्र मुळातली आहे, असं अक्का सांगते. ती शिस्त अक्काच ठरवत असल्यामुळे आम्ही वाद घालत नाही. (सुकन्याला मराठी बोलता येते, देवनागरी वाचता येत नाही, म्हणून मी हे सगळं मोकळेपणानं लिहितोय.)

तर दिवाळीला सुकन्या आली. पहिल्याच जेवणात दोन वाट्या रसम प्यायली, वा वा म्हणाली, आणि मग सहज विचारलं, "फोडणी कशाची दिलीस, अम्मा?"

"तुपाची."

"अम्मा!"

"अगं, फोडणीतलं तूप राहतं कुठं? जळून जातं ते." कमला शाळेत गणित शिकवायची. तिनं ते तूप केव्हाच वजा करून टाकलं होतं.

अक्कानं तर प्रश्नच मिटवला. "तूप जनावराचं कसं होईल गं? मी स्वतः कढवलंय."

सुकन्यानं वाटी बाजूला सारली. उरलेली दिवाळी तिनं केळी आणि मुरुक्कूवर, म्हणजे तुमच्या चकलीवर, काढली (मुरुक्कूच्या पिठात लोणी असतं हे कुणी तिला सांगितलं नाही, कारण लोणी म्हणजे न कढवलेलं तूपच) आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेली. मला फार वाईट वाटलं. एकुलती एक मुलगी, वर्षातून दोनदा येणार, आणि आपल्याच घरातून भुकेली जाणार!

पोंगलच्या आधी मी तिला फोन केला, तेव्हा तिनं अटच घातली. "अप्पा, एक जेवण. फक्त एक. दूध, दही, ताक, लोणी नाही, आणि तूप नाही. तूप म्हणजे तूप, अप्पा. तेवढं जमलं तर भोगीपासून पूर्ण आठवडा राहते. नाहीतर दुसऱ्या दिवशी परत."

"तू तिकडे काय खातेस ते सांग. मी स्वतः करतो."

"मशरूम पास्ता. क्रीमवाला. पण क्रीम काजूचं."

"हात्तिच्या! एवढंच?" मी म्हणालो. मला चहासुद्धा नीट येत नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षातच आलं नाही.

आता काळान, म्हणजे तुमची अळंबी, आमच्या घरात कधी शिरलेली नव्हती. मी ती भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली लपवून आणली. अक्कानं पिशवी नुसती हुंगली.

"रागू, हे काय आणलंयस?"

"कोथिंबीर."

"कोथिंबिरीखाली?"

"...काळान."

"उकिरड्यावर उगवतो तो. माझ्या चुलीवर चढायचा नाही." आणि निकाल लागला. काळान परसात शिजणार, आंघोळीचं पाणी तापवतात त्या चुलीवर. बाकीचं आत.

मोबाइलवरच्या बाईनं कृतीत 'न्यूट्रिशनल यीस्ट' सांगितलं होतं. वाण्यानं मला औषधाच्या दुकानात पाठवलं, औषधवाल्यानं विचारलं, "घरी कुणाला बरं नाही?" मी नाद सोडला आणि डाळ्याचं कूट घालायचं ठरवलं. आपल्या माणसांना डाळ्याचं कूट कशातही चालतं.

खरा धोका काळान नव्हता, यीस्टही नव्हतं. खरा धोका अक्काचा हात होता. अक्का चुलीजवळून नुसती गेली तरी भांड्यात चमचाभर तूप पडतं. म्हणून भोगीच्या सकाळी मी घरातलं सगळं तूप गोळा केलं. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केलेला माणूस, कावेरीचं पाणी कुठल्या कालव्यात सोडायचं आणि कुठलं दार पाडायचं यात माझा जन्म गेलेला, मला तूप अडवणं काय अवघड! स्वयंपाकघरातलं भांडं, देवघरातली वाटी, पापनाशमच्या मावसभावानं पाठवलेली बरणी, आणि अक्कानं गुडघ्याच्या तेलामागे ठेवलेला तिचा खासगी डबा, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"त्याच कपाटात माझ्या रेशमी साड्या आहेत," कमला म्हणाली.

"आठवडाभर मुलगी राहणार आहे, कमला."

"राहू दे की. पण लग्नाकार्यात मी तुपाच्या वासाची फिरले, तर लोकांना कारण तुम्ही सांगायचं."

मग मी कामाला लागलो. भिजवलेले काजू वाटले, नारळाचं दूध काढलं, दोन्ही एकत्र करून गरम करत ठेवलं. अक्कानं दारातून डोकावून पाहिलं.

"पायसम?"

"पास्ता."

"काजू आहे, नारळाचं दूध आहे." तिनं पाकिटातली एक नळी उचलून तिच्यातून माझ्याकडे बघितलं. "आणि हा शेमया. जरा जाड आहे, मधे भोक पडलंय, पण शेमयाच. गूळ किसू?" (शेमया म्हणजे शेवया, आणि पायसम त्यांची खीर.)

"अक्का, हात लावू नकोस."

"बरं, वेलदोडा तरी?"

तेवढ्यात कमलानं विचारलं, "या नळ्यांना शिट्ट्या किती द्यायच्या?" तिला समजावेपर्यंत परसातून जळका वास आला. मी धावलो. इकडे काळान एका बाजूनं करपला, तोवर तिकडे काजूचं दूध उतू गेलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे! धोतराचा सोगा एकदा चुलीत आणि एकदा दुधात जाऊन आला. नळ्या तेवढ्यात इतक्या फुगल्या की मधलं भोक बुजलं. शेवटी मी सगळं परसातल्या कढईत एकत्र केलं, मीठ-मिरी घातली, कूट भुरभुरलं, आणि काय सांगू, दिसायला ते मोबाइलवरच्या बाईच्या पास्त्याच्या लांबच्या नात्यातलं तरी दिसत होतं.

आता ते घरात न्यायचं कसं? अक्का मागच्या दारात उभी. हातात कावळ्याचा घास. कावळ्याला वाढल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही. तिनं भिंतीवर भात ठेवला, हाक मारली, कावळा आला. त्यानं भाताकडे पाहिलं, मान वाकडी केली, आणि खाली येऊन कढईच्या काठावर बसला. एक काळान उचलला. गिळला. थोडा विचार केला आणि दुसरा उचलला.

अक्का बघतच राहिली. "रागू, आपले बाबा काळान खात नव्हते रे."

"आता खायला लागले."

"तिकडे गेल्यावर माणूस बदलतं," कमला म्हणाली.

अक्कानं भिंतीवरच्या न शिवलेल्या भाताकडे एकदा पाहिलं. मग दारातून बाजूला झाली. "बाबांनीच घेतलं म्हटल्यावर मी कोण अडवणार? आण आत." मी कावळ्याची चोच लागलेला काठ मोठ्या डावानं खरवडून काढला, अर्धा पास्ता एका पातेल्यात काढून आत नेला, आणि अर्धा कढईत झाकून ठेवला.

सुकन्या आली. आमचं जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं आहे, त्यामुळे सगळे एका ओळीत बसतात. सणाचा दिवस, म्हणून केळीची पानं. आधी अक्का, मग कमला, मग माझं पान, आणि टोकाला सुकन्या. आमच्या पानांवर भात आणि सांबार, सुकन्याच्या पानावर पास्ता. केळीच्या पानावर पास्ता म्हणजे उतारावरचा कालवा. त्याचा रस्सा टेबलावरून खाली निघाला, तो मी लोणच्याच्या फोडी लावून अडवला. नोकरी वाया गेली नाही.

"अप्पा, खरंच तुम्ही केलंत?" सुकन्याचे डोळे चमकत होते.

"कणभर तूप नाही. सगळं कुलपात आहे." मी किल्ली काढून दाखवली.

अक्का मात्र हात मांडीवर ठेवून बसलेली. "माझ्या भातावर अन्नशुद्धीचं तूप?"

"अक्का, एक दिवस—"

"शुद्धीशिवाय मी घास उचलत नाही. बाबांच्या वेळेपासून उचललेला नाही."

ती उपाशी बसली असती हे मला ठाऊक होतं. मग मी कपाट उघडलं, साड्यांमधून भांडं काढलं आणि चमची घेतली. घरातल्या कर्त्यानं पानावर पहिलं तूप वाढायचं हा आमचा रिवाज. बाबा गेल्यापासून तो मान माझा. अक्काच्या भातावर वाढलं, कमलाच्या भातावर वाढलं, माझ्या पानावर वाढलं. मग मी उभा राहून लेकीकडे कौतुकानं बघू लागलो.

सुकन्यानं पहिला घास घेतला. "छान झालंय, अप्पा! अगदी घरची चव."

दुसरा घास जरा सावकाश घेतला. तिसरा उचललाच नाही. "घरची म्हणजे... अप्पा, यात तूप आहे."

माझं डोकंच फिरलं. मी गर्रकन अक्काकडे वळलो. "अक्का! पोरीची एवढीशी अट, ती तुला पाळवेना? सगळं तूप कुलपात घातलं, काळान परसात शिजवला, धोतर जाळून घेतलं, का? तर पोर चार दिवस राहावी म्हणून! आणि तू संधी साधलीसच! कुठून आणलंस तूप? कुठं लपवलं होतंस?"

अक्का शांतपणे भात कालवत होती. "रागू," ती म्हणाली, "तुझ्या हातात काय आहे?"

माझ्या हातात चमची होती. चमची सुकन्याच्या पानावर होती. आणि चमचीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो पास्त्यात पडला.

आता हे मी का केलं, हे मला विचारू नका, माझ्या हाताला विचारा. बाबांनी लहानपणी मला वाढायला शिकवलं ते बोटांवर पळी मारत मारत: एकाला वाढलं की ओळीतल्या सगळ्यांना वाढायचं, पंक्तिभेद करायचा नाही. तीन पानं झाल्यावर चौथं पान आलं. हात आपला पुढं गेला. मी तिथं नव्हतोच.

सुकन्या खाली बघत होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. तिनं मान वर केली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. "अप्पा, तुम्ही तूप कशाला कोंडलंत? स्वतःला कपाटात घालायचं होतं!"

"पण अट—" मी चमची पाठीमागे लपवत म्हणालो.

"अट म्हणजे अट, अप्पा. उद्याची गाडी..."

"गाडीबिडी काही नाही," अक्का म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, हात साबणानं धुतले, परसात गेली, आणि ती कढई स्वतः घेऊन आली. ज्या बाईनं सकाळी काळान हुंगून नाक मुरडलं होतं, तिनं सुकन्याचं पान बदललं आणि आपल्या हातानं काळान वाढला. "ते पहिलं जेवण माझ्या भावाचं, ते मोजू नकोस. हे माझं. यात तुपाचा थेंब नाही, आणि पानाजवळ त्याला मी फिरकू देत नाही. खा."

सुकन्यानं खाल्लं. परत घेतलं. आणि आठवडाभर राहिली.

मात्र अक्कानं जाता जाता एक मुद्दा काढला. पोर एकटीच बिनतुपाची बसणार म्हणजे पंक्तिभेद झाला. तिच्या सोबतीला कुणीतरी हवं. कुणी, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. कमलानं लगेच मान डोलावली. किल्ली माझ्या कनवटीची अक्काच्या पदराला गेली.

पोंगल संपल्यावर सुकन्या बंगळूरला परत गेली. माझं तूप अजून परत आलेलं नाही.