गोड्या पाण्याची खोड

मुरुडला आमच्या वाडीमागे खाडीच्या चिखलात नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, कुजत पडलेली असतात. त्या चिखलातून मी एक जिवाणू शोधून काढला. सोडणातलं सेल्युलोज फोडून त्याची साखर करणारं एन्झाइम तो बनवायचा, पण प्रयोगशाळेत वाढायचं म्हटलं की त्याचे नखरे फार. म्हणून त्याचं जनुक ई. कोलाय नावाच्या सोशिक जिवाणूत घातलं. एन्झाइम याच्याकडून बनवून घ्यायचं, त्याचे गुणधर्म मोजायचे, पीएचडी पदरात पाडायची. इतकं सोपं वाटलं होतं मला.

पहिल्याच आठवड्यात, सेल्युलोज घालून लाल रंगवलेल्या बशीत ई. कोलायच्या ठिपक्याभोवती पिवळं खळं उमटलं, चंद्राला पडतं तसं; म्हणजे एन्झाइम सेल्युलोज फोडत होतं. मी आईला फोन केला. "म्हंजे आता डाक्टर व्हनार ना गो तू?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

पुढे सगळा आनंदच. पेशी फोडायच्या, एन्झाइम शुद्ध करायचं, त्यातलं मीठ काढायचं, मग साखर तयार होते का ते तपासायचं. नळीतला पिवळा रंग लाल व्हायला हवा, तो ढिम्म. तापमान बदललं, आम्लता बदलली. परक्या जिवाणूत एन्झाइमची घडीच नीट बसत नाही, असं मी ठरवून टाकलं आणि दोन वर्षं ई. कोलायला शिव्या घातल्या. शिष्यवृत्ती संपली. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय दुसऱ्या मुलीला दिला. मी घरी आले आणि दहावीच्या शिकवण्या धरल्या.

परवा त्या नव्या मुलीचा फोन आला.

"ताई, चाललं! मीठ तसंच ठेवलं, बस्स. मिठाशिवाय ते टिकतच नाही. तुमच्या बशीत मीठ होतं म्हणून खळं आलं. पण नंतर तुम्ही दर वेळी ते का काढत होतात? पद्धतीत तर कुठे लिहिलेलं नाही."

खरंच, मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे खाडीतून आलेलं काहीही आधी गोड्या पाण्यातून काढतात. पाय, जाळी, सायकलसुद्धा. खारं राहिलं की मीठ ते खाऊन टाकतं. लहानपणी चिखलातून वर आले की आई दारातूनच ओरडायची, "आदी गोड्या पान्यानं धू, मंग घरात ये!" एन्झाइमही मी तसंच धुतलं, विचार न करता.

"अभिनंदन गं," एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग रडले. ई. कोलायनं काही बिघडवलं नव्हतं. दोन वर्षं तो मला चांगलं, चालतं एन्झाइम देत होता, आणि मी ते माझ्या हातानं मारत होते.