परवानगीचं वाक्य

लग्नाला सात वर्षं झाल्यावर मी इंग्रजी बोलायच्या क्लासला नाव घातलं. दोन हजार दोन साल असावं. सिडकोतून बसनं कॉलेज रोडला जायचं, एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत दीड तास बसायचं आणि मुलगी शाळेतून यायच्या आत घर गाठायचं. क्लासमधली बाकीची पोरं कॉलेजातली, त्यांना नोकऱ्या हव्या होत्या. मला काय हवं होतं ते धड सांगता येत नव्हतं. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मी मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले की तोंड मिटून बसायची, आणि ते मला सोसत नव्हतं. एवढंच.

सासरची माणसं वाईट नव्हती. क्लासला कोणी आडकाठी केली नाही. फक्त घरी कोणी आलं की सासूबाई चहाचा कप पुढे करत सांगायच्या, आम्ही हिला क्लासला जाऊ देतो हो. पाहुणे माझ्याकडे बघून म्हणायचे, नशीब काढलंस. नवराही कंपनीतल्या मित्रांना तेच सांगायचा, आणि तेही कौतुकानं. मला दर वेळी काहीतरी टोचायचं, पण काय टोचतंय ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

ते सापडलं क्लासात. सरांनी त्या दिवशी फळ्यावर ‘लेट’ हे क्रियापद लिहिलं. आपण गाडी लेट आहे म्हणतो तो हा नव्हे, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. हा लेट म्हणजे एखाद्याला काही करू देणं. भूतकाळातही तो लेटच राहतो आणि त्याच्या पुढच्या क्रियापदाला ‘टू’ लावायचं नाही. ‘लेट हिम टू गो’ म्हणणारा नापास. ‘लेट्स गो’ म्हटलं की मात्र परवानगीचा संबंध नाही, ते नुसतं ‘चला, जाऊ या’. आणि फाटकावर ‘टू लेट’ पाटी दिसली तर जागा भाड्यानं द्यायची आहे. सर चांगले रंगात आले होते.

मग एकेकानं वाक्य करायचं होतं. एका मुलानं ‘चला, वणीला जाऊ या’ असं केलं. एका मुलीनं केलं, वडील मला स्कूटर चालवू देतात. माझी पाळी आली तेव्हा सरांनी मदत म्हणून वाक्य स्वतःच तयार करून दिलं. ‘माय हजबंड लेट्स मी लर्न इंग्लिश.’ माझा नवरा मला इंग्रजी शिकू देतो. माझ्यामागून म्हणा, असं ते म्हणाले.

मी ते वाक्य म्हटलंच नाही. सर थांबले, पुन्हा सावकाश म्हणून दाखवलं. त्यांना वाटलं मला उच्चार जमत नाहीये.

“सर, वाक्य बरोबर असेल, पण ते खरं नाही,” मी मराठीतच म्हणाले. “मी त्यांना विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.”

आपण इथे व्याकरण तपासतो, घर नाही, असं सर हसून म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि माझी कानशिलं तापली होती. मी उभी राहून माझं वाक्य केलं. ‘आय लेट माय हजबंड मेक टी.’ मी माझ्या नवऱ्याला चहा करू देते.

पोरं हसली. सर म्हणाले, “असं कोणी म्हणत नाही.”

“व्याकरण चुकलं का?”

“नाही.”

मी खाली बसले.

त्या रविवारी पंचवटीच्या भाजीबाजारात आईकडे गेले. माहेरचं शेत दिंडोरी रस्त्याला. वडील शेत बघायचे आणि आई इथे भाजी विकायला बसायची. मेथीच्या जुड्यांमधली पिवळी पानं काढत तिनं माझं सगळं ऐकलं आणि म्हणाली, जाऊ दे बाई, चांगली माणसं हायेत, जाऊ देतात ना तुला? ‘विसरून जा’ आणि ‘परवानगी मिळते ना’, दोन्ही तिनं एकाच दमात, त्याच ‘जाऊ दे’नं म्हटलं. मला राग आला. मी विचारलं, तू पहिल्यांदा इथे बसलीस तेव्हा तुला कोणी बसू दिलं होतं?

आईनं मान वर केली नाही. “कोण देनार? बसले.”

पुढे काही बोलायला तिला वेळ नव्हता, गिऱ्हाईक आलं होतं.

दिवाळीनंतर आमच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीतला भाडेकरू गेला. नवऱ्यानं ‘टू लेट’ अशी पाटी रंगवून आणली आणि फाटकाला तारेनं बांधली. मी क्लासला जाते हे कळल्यापासून गल्लीतल्या दोघी-तिघी मागे लागल्या होत्या, आमच्या पोरांचं इंग्रजी घ्या म्हणून. सकाळी नवरा ड्युटीला गेल्यावर मी तार सोडली, पाटी जिन्याखाली ठेवली आणि त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, सोमवारी संध्याकाळी पाठवा.

संध्याकाळी नवरा आला, फाटक बघून आत आला आणि पाटी कुठे गेली विचारलं. मी काढली म्हणाले, आणि कशासाठी तेही सांगितलं. पोळ्या लाटणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

“विचारायचं तरी,” तो म्हणाला. “मी काय नाही म्हटलं असतं?”

“नसतं म्हटलं. म्हणून तर विचारलं नाही.”

घरातले निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे असतात, असं तो म्हणाला. मी म्हटलं, पाटी लावताना मला कुणी विचारलं नव्हतं. त्यावर तो हात-पाय धुवायला निघून गेला. मग आठवडाभर आमचं बोलणं भाजीत मीठ कमी आहे का, एवढ्यापुरतंच राहिलं. मला धास्ती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण पाटी पुन्हा बाहेर काढायची नाही हे नक्की होतं.

सोमवारी सहा पोरं आली. फळा नव्हता, मी जुन्या कपाटाच्या दारावर खडूनं लिहीत होते. मध्येच नवरा कामावरून आला. दारात पोरांच्या चपलांचा ढीग, आणि भाडेकरू गेल्यापासून आमची आत जायची वाट नेमकी त्या खोलीतून. तो उंबऱ्यावर घुटमळला. मी शिकवायचं थांबवलं नाही. थोड्या वेळानं तो वळला आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेला. दुसऱ्या दिवशीही तो मागूनच आला.